एका ड्रॉइंग-मास्तराचा नांगर

इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें राजे, सेनापति, तह आणि लढाया उभ्या राहतात. माझी सारी हयात शाळामास्तरकींत गेली आणि मींही वर्गांत हाच इतिहास शिकविला. पानिपतचें साल सांगतां न येणाऱ्या मुलास मीं बांकावर उभें केलें आहे. परंतु ज्या लोखंडी नांगरानें त्याच मुलाच्या आजोबांची जमीन उलथली, तो आपल्याकडे कोणीं ओतला, कोठें ओतला, आणि लोकांनीं तो विकत घ्यावा म्हणून किती वाट पाहावी लागली, हें मीं एकाही विद्यार्थ्यास कधीं विचारलें नाहीं. कारण तें मला स्वतःलाच ठाऊक नव्हतें. नोकरींतून मोकळा झाल्यावर हातीं वेळ आला, तेव्हां ही उणीव भरून काढण्याचा मीं थोडा प्रयत्न केला. त्या वाचनांतून जें हातीं लागलें, त्यांतलें थोडें आज आपणांपुढें ठेवावें, असा विचार आहे.

आजच्या भाषणाचा नायक लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर. हें नांव पुढें इतकें मोठें झालें कीं, त्याच्या मुळाशीं दोघां भावांचें एक सायकलीचें दुकान आणि एक लहानसा कारखाना होता, याचा आपणांस विसर पडतो. मोठ्या वटवृक्षाखालीं बसणारा मनुष्य त्याच्या बीजाचा विचार करीत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. मी आज वृक्षाविषयीं फारसें बोलणार नाहीं. बीज कोणतें होतें, तें कोणत्या मातींत पडलें आणि तें कुजून कां गेलें नाहीं, एवढेंच पाहण्याचा माझा हेतु आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर या गांवीं झाला. वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे व्यासंगी. मुलानें विद्या करावी आणि मानाची नोकरी धरावी, ही त्या काळीं कोणत्याही पांढरपेशा घरांतली रीत होती. या मुलाचें लक्ष मात्र पोथ्यापुस्तकांपेक्षां चित्रें काढण्याकडे आणि यंत्रांकडे अधिक. १८८५ सालीं ते मुंबईस सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंत चित्रकला शिकण्यासाठीं दाखल झाले. सुमारें दोन वर्षें अभ्यास झाला, आणि मग असें ध्यानांत आलें कीं, या तरुणाची दृष्टि रंगांच्या बाबतींत अधू आहे. कित्येक छटांमधला भेद त्यास उमगतच नाहीं. चित्रकार होण्याचा ध्यास घेऊन घर सोडलेल्या मुलास यापेक्षां मोठा आघात कोणता असेल? गवयाच्या मुलास एकाएकीं ऐकूं येईनासें व्हावें, तशांतलीच ही गत.

परंतु रंग गेला तरी रेषा उरली होती. यांत्रिक रेखाटनास रंगांची गरज नसते. तेथें माप अचूक लागतें आणि वस्तूची आंतली रचना मनांत उभी करावी लागते. लक्ष्मणरावांनीं तो मार्ग धरला. मुंबईंत १८८७ सालीं व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था निघाली होती. आज ती वीरमाता जिजाबाई यांच्या नांवानें ओळखली जाते. तेथें लक्ष्मणराव यांत्रिक ड्रॉइंगचे शिक्षक झाले. परदेशांतून येणारीं यंत्रविद्येचीं मासिकें वाचावीं, फळ्यावर काढलेली आकृति यंत्रशाळेंत जाऊन धातूंत उतरवून पाहावी, असा त्यांचा क्रम होता. शिकविणारा स्वतः शिकत राहिला, म्हणजे त्याच्या हातून कांहींतरी घडतें, याचें हें चांगलें उदाहरण होय.

नोकरी चालूं असतांनाच एक जोडधंदा सुरू झाला. त्या काळीं सायकल ही मोठ्या नवलाची आणि मोठ्या किंमतीची वस्तु होती. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि बेळगांवांत त्यांचे वडील बंधु रामुअण्णा त्या विकीत. विकण्यापूर्वीं गिऱ्हाइकास तिच्यावर बसावयासही शिकवावें लागे. १८८८ सालापासूनच्या या दुकानावर ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही पाटी लागली. नवी वस्तु विकावयाची तर आधीं ती वापरणारा मनुष्य तयार करावा लागतो, हा धडा दोघां भावांना येथेंच मिळाला, असें मला वाटतें. पुढें नांगराच्या वेळीं तो त्यांच्या फार उपयोगीं पडला.

१८९७ सालीं संस्थेंत बढतीची एक जागा निघाली. काम पाहतां ती लक्ष्मणरावांस मिळावी अशी अपेक्षा होती; ती मिळाली एका अँग्लो-इंडियन गृहस्थास. श्रोतेहो, अशा प्रसंगीं काय होतें हें आम्हां मास्तर मंडळींना चांगलें माहीत आहे. डावलल्या गेलेल्या माणसाचें उरलेलें आयुष्य बहुधा त्या डावलण्याची कथा सांगण्यांतच जातें. लक्ष्मणरावांनीं कथा सांगितली नाहीं; त्यांनीं राजीनामा दिला आणि ते बेळगांवास परत आले. पदरीं चौदा-पंधरा वर्षांची कमाई नव्हती, मागें कोणी धनिक नव्हता. होता तो एक भाऊ, एक दुकान, आणि रेषेंतून वस्तु पाहण्याची संवय.

बेळगांवांत त्यांनीं लहानशी यंत्रशाळा मांडली आणि प्रथम कडबा कापण्याचें यंत्र तयार केलें. गुरांपुढें आख्खा कडबा टाकला म्हणजे निम्मा पायदळीं जातो. तोच बारीक कापून टाकला तर वाया जात नाहीं. हें शेतकऱ्यास एकदां दाखविलें कीं पुरे होई. मग लक्ष्मणरावांची दृष्टि नांगराकडे वळली. १९०३ च्या सुमारास त्यांचा लोखंडी नांगर तयार झाला. त्याच वर्षीं त्यांचे चिरंजीव शंतनुराव यांचा जन्म झाला, हाही एक योगायोगच.

आपणां शहरवासीयांना लांकडी आणि लोखंडी नांगर यांतला भेद सांगणें अवश्य आहे, कारण सारी कथा त्यावर उभी आहे. लांकडी नांगर म्हणजे बाभळीच्या लांकडाचा जड ओंडका, त्याच्या टोंकाला लोखंडी फाळ. तो जमीन चिरतो, परंतु उलथीत नाहीं. काळ्या भारी जमिनींत त्याला बैलांच्या तीन-तीन, चार-चार जोड्या जुंपाव्या लागत, आणि इतकें करूनही हरळी व कुंदा यांसारख्या चिवट तणांचीं मुळें खालीं शाबूत राहत. लोखंडी नांगराला फाळाच्या मागें पंखासारखा बांकदार भाग असतो. फाळानें कापलेली मातीची चीप त्यावर चढते आणि पालथी होऊन पडते. तणाचीं मुळें उन्हांत उघडीं पडून वाळतात, पावसाचें पाणी खोल मुरतें. दिसावयास हा भेद एका वांकड्या पत्र्याचा. पण शेताच्या उत्पन्नांत त्याचा फरक पडतो.

तथापि शेतकरी हा नांगर घेईना. लोखंड जमिनींत खोल गेलें म्हणजे जमिनीला विष बाधतें, अशी समजूत लोकांत होती. आपण सुशिक्षित मंडळी या ठिकाणीं हंसतों आणि खेडुतांच्या अज्ञानाची कींव करतों. परंतु थोडें थांबावें. अमेरिकेंत चार्ल्स न्यूबोल्ड नांवाच्या गृहस्थानें १७९७ सालीं ओतीव लोखंडाच्या नांगराचें पेटंट घेतलें, तेव्हां तेथील गोऱ्या शेतकऱ्यांनींही हाच आक्षेप घेतला होता कीं, लोखंडानें जमीन नासते आणि तण माजतें! सात समुद्रांच्या अंतरावर दोन भिन्न समाजांनीं एकच भीति बोलून दाखवावी, यांत मला अज्ञानापेक्षां निराळें कांहीं दिसतें. ज्याचें वर्षाचें अन्न एका पेऱ्यावर अवलंबून आहे, तो नव्या वस्तूची परीक्षा आपल्या शेतावर होऊं देण्यास कचरणारच. यंत्र फसलें तर कारखानदाराचा एक नांगर जातो. शेतकऱ्याचें वर्ष जातें.

शिवाय पैशाचाही प्रश्न होता. लांकडी नांगर गांवचा सुतार करून देई आणि मोबदल्यांत बलुतें घेई. रोख रुपया मोजावा लागत नसे. लोखंडी नांगरासाठीं रोख पैसा हवा, आणि फाळ झिजला तर नवाही पैसे देऊनच आणावयाचा. असा हा सौदा होता. विक्रीस आरंभ होण्यास सुमारें दोन वर्षें गेलीं. या दोन वर्षांत लक्ष्मणरावांनीं शेतकऱ्यास दोष दिला नाहीं. नांगरांत दोष कोठें आहे तें पाहिलें. ओतीव लोखंड कठीण, पण ठिसूळ. फाळ नरम ठेवला तर तो लवकर झिजतो, कठीण केला तर दगडावर आपटून फुटतो. परदेशी नांगर आपल्या जमिनीसाठीं आणि आपल्या बैलांसाठीं घडविलेला नसतो. ओतणें, शेतांत चालविणें, मोडलेला तुकडा परत आणून पाहणें आणि पुन्हां ओतणें, हाच या कामांतला खरा अभ्यास होय. हळूहळू शेतकरी येऊं लागले. ज्यांच्या शेतांत हरळी माजली होती, त्यांना या नांगराचा गुण प्रथम पटणें साहजिक होतें.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ही हकीकत ज्या काळांतली आहे, त्या काळीं टाटांच्या पोलादी कारखान्याचा पायाही घातला गेला नव्हता. साकची येथें पहिलें लोखंड निघालें तें १९११ सालीं. १९०५ सालीं वंगभंगाच्या निमित्तानें स्वदेशीची चळवळ उठली आणि सभांमधून देशी मालाचा जयघोष सुरू झाला. लक्ष्मणरावांची भट्टी त्यापूर्वींच पेटली होती. सभेंतल्या स्वदेशीला टाळ्या मिळतात; भट्टींतल्या स्वदेशीला गिऱ्हाईक मिळवावें लागतें.

धंदा कोठें मूळ धरूं लागला, तोंच दुसरें संकट आलें. शहराचा विस्तार करावयाचा म्हणून बेळगांवच्या नगरपालिकेनें कारखान्याची जागा सोडावयास सांगितलें. भट्टी, सांचे, यंत्रें, कामगार हें सारें घेऊन जावें कोठें? अशा वेळीं औंधचे अधिपति श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांचें साहाय्य मिळालें. औंध हें सातारा जिल्ह्यांत विखुरलेलें एक लहानसें संस्थान. बाळासाहेब १९०९ सालीं गादीवर आले. सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते म्हणून आपण त्यांस ओळखतों. ते स्वतः चित्रकारही होते. एकाला रंगांनीं सोडलें होतें, दुसऱ्यानें रंग आयुष्यभर सांभाळले. आणि दोघांची गांठ पडली ती नांगराच्या कारखान्यासाठीं! बाळासाहेबांनीं कुंडल रोड स्टेशनाजवळची बत्तीस एकर पडीक जमीन दिली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्ज दिलें. पुढें याच संस्थानाच्या आश्रयानें ओगल्यांचा कांचकारखानाही १९१६ सालीं निघाला आणि त्याचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघरीं गेला. लहान संस्थानाचा राजाही मोठें काम करूं शकतो, तें असें.

ती जमीन म्हणजे निवडुंगाचें रान आणि नागसापांची वस्ती. पाणी नाहीं, सावली नाहीं, शेजार नाहीं. एकच गोष्ट जमेची होती, ती म्हणजे शेजारून जाणारी आगगाडी. कच्चें लोखंड आणि कोळसा गाडीनें यावा आणि नांगर गाडीनें जावेत, इतका हिशेब तेथें बसत होता. १० मार्च १९१० रोजीं कारखान्याचा मुक्काम तेथें हलला. सुमारें पंचवीस कामगार आपल्या कुटुंबांसह बरोबर आले. श्रोतेहो, मला या पंचवीस कुटुंबांचा विचार नेहमीं येतो. मालकाच्या मनांत एक चित्र होतें. त्या चित्राच्या भरंवशावर तो निघाला. परंतु त्या बाया-माणसांच्या मनांत काय होतें? बेळगांवसारखें थंड हवेचें, बाजारपेठेचें गांव सोडून, कडेवर पोरें घेऊन, माळरानांत उतरावयाचें! त्यांच्या विश्वासाची नोंद कोणत्याही जमाखर्चाच्या वहींत नाहीं. पण कारखान्याचें खरें भांडवल तेंच होतें, असें मी समजतों.

निवडुंग तोडला गेला, विहिरी खणल्या गेल्या, भट्टी पेटली, घरें उभीं राहिलीं. शाळा आली, वाचनालय आलें, पोस्ट आलें, झाडें वाढलीं. इंग्लंडांत एबेनेझर हॉवर्ड याचें उद्यान-नगरांविषयींचें पुस्तक १८९८ सालीं निघालें होतें आणि लेचवर्थ हें तशा प्रकारचें पहिलें नगर १९०३ सालीं वसूं लागलें होतें. त्याच दशकाच्या अखेरीस आपल्या माणदेशालगतच्या माळावर, कारखाना व घर, यंत्र व झाड यांचा मेळ घालणारी एक वाडी उभी राहत होती. तिचें नांव किर्लोस्करवाडी. आज ती सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यांत आहे आणि रेल्वे स्टेशनालाही तेंच नांव मिळालें आहे.

वाडीच्या रचनेपेक्षांही तिच्या रीतीभाती मला अधिक महत्त्वाच्या वाटतात. वाडींत अस्पृश्यता पाळावयाची नाहीं, असा लक्ष्मणरावांचा दंडक होता. १९१० नंतरच्या काळांत, जेव्हां खेड्यांतून पाणवठा निराळा, देऊळ बंद आणि सावलीचाही विटाळ, तेव्हां हा दंडक घालणें आणि तो चालविणें सोपें नव्हतें. दुसरी गोष्ट याहून विलक्षण. तुरुंगांतून शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनीं रात्रीच्या पहाऱ्यावर नेमलें. ज्याच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाहीं, त्याच्या हातीं किल्ली दिली तर तो तिला जपतो, हें मानसशास्त्र त्यांनीं कोणत्या पुस्तकांत वाचलें असेल? शिक्षकाला मात्र तें अनुभवानें कळतें. वर्गांतल्या सर्वांत द्वाड पोराला मॉनिटर करण्याची युक्ति आम्हींही केली आहे. परंतु आमच्या पेटींत खडूशिवाय जाण्यासारखें कांहीं नव्हतें.

पहिल्या महायुद्धाच्या काळांत परदेशी माल येणें अवघड झालें. कच्च्या मालाची टंचाई आली, पण परदेशी अवजारें न आल्यामुळें देशी अवजारांस मागणीही वाढली. नांगरांबरोबर उंसाचे चरक, पाण्याचे रहाट, शेंगा फोडण्याचीं यंत्रें वाडींत तयार होऊं लागलीं. १९२० सालीं दोघां भावांच्या या धंद्याची मर्यादित जबाबदारीची कंपनी झाली, आणि त्याच वर्षीं तेथून एक लहानसें मासिक निघालें, ‘किर्लोस्कर खबर’. संपादक लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव. आरंभीं गिऱ्हाइकांस कारखान्याची वार्ता कळावी, एवढाच त्याचा बेत होता; परंतु लवकरच त्यांत स्वावलंबनाचे, उद्योगाचे आणि समाजसुधारणेचे लेख येऊं लागले. १९३० सालीं ‘स्त्री’ आणि १९३४ सालीं ‘मनोहर’ हीं मासिकें त्याच घरांतून निघालीं. ज्यांच्या घरीं आजी-पणजीच्या पेटींत ‘स्त्री’चे जुने अंक सांपडतात, त्यांनीं ध्यानांत घ्यावें कीं, त्या अंकांचें आजोळ नांगराच्या भट्टीशीं आहे. एका यंत्रकारखान्याच्या पोटीं मराठी वाङ्मयाला तीन मासिकें मिळावीं, अशीं उदाहरणें फार नसतील.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगतों. शंतनुराव अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स येथील विख्यात तंत्रसंस्थेंत शिकून १९२६ सालीं परत आले. नांगराच्या जोडीला पंप आले. विहिरीवर मोट ओढणाऱ्या बैलांचें काम यंत्राकडे जाऊं लागलें. १९४१ सालीं हरिहर येथें यंत्रें घडविणारीं यंत्रें करण्याचा कारखाना निघाला. तो पुढें बंदही पडला. १९४६ सालीं पुण्यांत तेलाच्या इंजिनांचा आणि बंगळूर येथें विजेच्या मोटारींचा असे नवे उद्योग सुरू झाले. बीजाचा वृक्ष होऊं लागला होता.

आणि मग १९४८ सालचा तो काळा आठवडा आला. ३० जानेवारीस महात्माजींची हत्या झाली आणि दक्षिण महाराष्ट्रांत मारेकऱ्याच्या जातीच्या लोकांवर जाळपोळीचें सत्र ओढवलें. त्यांत किर्लोस्करवाडीच्या कारखान्यासही आग लावण्यांत आली. लक्ष्मणरावांचें वय त्या वेळीं अठ्ठ्याहत्तर वर्षांचें होतें. ज्या वाडींत जातीचा विटाळ मानूं नये असा दंडक त्यांनीं घातला, तीच वाडी मालकाच्या जातीपायीं पेटविली गेली. इतिहासाचा हा न्याय समजून घेण्यास मी अजून असमर्थ आहें. एवढेंच सांगतों कीं, कारखाना पुन्हां उभा राहिला. त्याच वर्षीं औंध संस्थान विलीन झालें. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजीं निवर्तले. १९६९ सालीं, त्यांच्या जन्मास शंभर वर्षें झालीं तेव्हां, भारत सरकारनें त्यांच्या नांवाचें टपाल तिकीट काढलें. किर्लोस्करवाडींत आजही पंप तयार होतात.

येथवर चरित्र झालें. आतां थोडा हिशेब मांडला पाहिजे. कारण नुसतें गुणगान म्हणजे इतिहास नव्हे. लोखंडी नांगर आला आणि गांवच्या सुताराचें एक मोठें काम गेलें. बलुत्याची व्यवस्था कांहीं रामराज्य नव्हतें, तींत अन्याय होता; परंतु नांगर मोडला तर तो दुरुस्त करणारा मनुष्य हांकेच्या अंतरावर होता, तो आतां गाडीच्या अंतरावर गेला. शेतकरी रोख पैशाच्या व्यवहारांत ओढला गेला. दुसरें असें कीं, एका माणसाच्या चांगुलपणावर वसलेल्या वाडीचें भवितव्य त्या माणसाच्या वारसांवर आणि बाजाराच्या लहरीवर अवलंबून राहतें. कामगाराचें घर, त्याच्या मुलाची शाळा आणि त्याचा पगार या तिन्ही गोष्टी एकाच दारीं असल्या, तर तें दार उघडें असेपर्यंत सुख आहे. बंद झालें तर तिन्ही एकदम जातात. हें लक्ष्मणरावांचें उणें नव्हे. परंतु अशा वाड्या वसविणाऱ्यांनीं व त्यांत राहणाऱ्यांनीं तें विसरूं नये.

हें सारें वजा करूनही जें उरतें, तें पुष्कळ आहे. आपल्याकडे ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ अशी म्हण आहे. या म्हणींत वस्तु घडविणाऱ्यास जागाच नाहीं, हें आपल्या कधीं ध्यानांत आलें आहे काय? पेरणारा आहे, विकणारा आहे, चाकरी करणारा आहे. घडविणारा मात्र नाहीं. तो बलुतेदारांच्या रांगेंत, ओटीच्या खालीं उभा. लिहिणारा हात निराळा आणि हातोडा धरणारा हात निराळा, ही आपली शतकांची विभागणी. लक्ष्मणरावांनीं एकाच हातांत पेन्सिल आणि हातोडा धरला. नांगर त्यांनीं शोधून काढला नव्हता. तो परदेशांत पूर्वींच होता. त्यांनीं जें केलें तें याहून अवघड होतें. ज्यांना तो नको होता, त्यांच्यासाठीं, जेथें तो ओतणारे नव्हते तेथें, त्यांनीं तो आणला; आणि त्यासाठीं गिऱ्हाईक, कामगार आणि गांव हीं तिन्ही घडविलीं. मूळचा पेशा शिक्षकाचा होता, म्हणूनच हें साधलें असावें.

शेवटीं एक स्वतःची गोष्ट सांगून संपवितों. पुष्कळ वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत एक मुलगा होता. व्याकरणांत यथातथा, पण हात शांत राहत नसत. एके दिवशीं त्यानें शाळेचें भिंतीवरचें घड्याळ खोललें. तें बंद पडलें होतें, तें चालूं करावें म्हणून. तो तें जोडीत असतांनाच मीं पाहिलें आणि सर्वांदेखत छडी मारली. “हे धंदे करावयाचे असतील तर शाळा कशाला?” असें मीं त्यास म्हणालों. तो त्यानंतर फार दिवस शाळेंत राहिला नाहीं. दुसरींही कारणें असतील. परंतु माझें वाक्य त्यांत नव्हतें, असें मला म्हणतां येत नाहीं. पुढें पंधरा-वीस वर्षांनीं आमच्या विहिरीवरची मोटार जळली, तेव्हां तालुक्याहून जो कारागीर आला, तो हाच. त्यानें वाकून नमस्कार केला, दुपारभर बसून मोटार बांधली, ठरलेली मजुरी मोजून घेतली आणि तो निघून गेला. घड्याळाचा विषय त्यानें काढला नाहीं. मलाही धीर झाला नाहीं.

तो मुलगा लक्ष्मणराव झाला असता, असें मी म्हणत नाहीं. शंभरांत एखादाच तसा होतो. पण तो एखादा कोण, हें छडी उगारतांना कोणत्याही मास्तराला कळत नसतें. आपणां शहरांतल्या सुशिक्षित घरांतून आजही मूल स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलें कीं, “आधीं अभ्यास कर” असा शब्द ऐकूं येतो. अभ्यास करूं द्यावा. परंतु तें जें खोलून बसलें आहे, तेंही त्यास जोडूं द्यावें. बंद पडलेलें घड्याळ याहून अधिक बिघडावयाचें नाहीं.